“टेक्निशियनने पट्टी काढावी, वाचू नये” या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

ईसीजी मशीनने (हृदयाच्या विजेचा आलेख कागदी पट्टीवर काढणारं यंत्र) छापलेल्या निदानावर डोळे झाकून जाऊ नका, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: टेक्निशियनने पट्टी काढावी, वाचू नये, “मशीन मोजतं, अंदाज करत नाही”, हृदयरोगतज्ज्ञ नाही तिथे तेवढाच आधार, आणि असल्या लिखाणाने प्राथमिक आरोग्य केंद्रातले नवे एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, घाबरतात. वरून “अर्धवट ज्ञान” हा आहेर. मुद्दा खोडा, कोणाची ना नाही. पण समोरच्याची पायरी दाखवली म्हणजे मुद्दा खोडला असं होत नाही. विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत तारा लावण्यातच माझी नोकरी गेली. तारेच्या टोकाचा रबरी बल्ब छातीवर कुठे बसला हे वाचणाऱ्याच्या आधी लावणाऱ्याला कळतं.

एक मान्य करतो, नाहीतर एकांगी म्हणाल. पट्टीवर एका ठोक्याच्या लाटांना पी, क्यूआरएस, टी म्हणतात, आर ही क्यूआरएसमधली वर जाणारी. ठोक्यांचा दर, पीआर (पी ते क्यूआरएस अंतर), क्यूआरएसची रुंदी मोजण्यात मशीन माणसापेक्षा चोख आहे. क्यूटीसीला (ठोक्यांच्या दरानुसार दुरुस्त केलेलं क्यूटी अंतर) मात्र जपून. तो बहुतेक वेळा बाझेटच्या सूत्राने काढलेला असतो आणि ठोके जलद झाले की उगाच वाढलेला दिसतो. फवारणीच्या हंगामात विषबाधेच्या पेशंटला ठोके वाढवणारं ॲट्रोपिन चालू असताना हे हमखास होतं.

आता तुमचं ते वाक्य, “मशीन मोजतं”. मोजतं ना, पण तारेतून जे आलं तेच मोजतं. लाल तार उजव्या हाताला, पिवळी डाव्या. घाईत अदलाबदल झाली की लीड वनमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे एका कोनातून बघणारी रेघ; एव्हीआर ही अशीच एक, एरवी उलटी असते) पी, क्यूआरएस, टी सगळंच उलटं होतं आणि एव्हीआर सरळ उभी राहते. काही मशिनी तार चुकल्याचा इशारा देतात, काही सरळ ‘लॅटरल इन्फार्क्ट’ (हृदयाच्या बाजूच्या भिंतीचा झटका) छापून मोकळ्या होतात. हृदय उजवीकडे असलं तरी लीड वन अशीच उलटी दिसते, म्हणून अशा वेळी छातीच्या डाव्या बाजूचे व्ही फाइव्ह आणि व्ही सिक्स बघायचे. तिथे आर नेहमीसारखी उंच असेल तर हृदय जागेवरच आहे, तारा बदला. लाल आणि काळी (उजव्या पायाची) एकमेकींच्या जागी गेल्या तर लीड टू जवळपास सपाट येते.

छातीवर तर याहून जास्त गोंधळ. व्ही वन, व्ही टू बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत लावायचे. उरोस्थीवरचा आडवा उंचवटा बोटाने चाचपा, त्याला लागून दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट, तिथून आणखी दोन फटी खाली. बाई पेशंट असली की संकोचापोटी बल्ब गळ्याकडे सरकतात. मग व्ही वनपासून पुढे आर वाढायला हवी तशी वाढत नाही आणि छापून येतं ‘ओल्ड अँटेरोसेप्टल इन्फार्क्ट’, म्हणजे पुढच्या भिंतीचा जुना झटका. व्ही टूमध्येही पी उलटी दिसली तर आधी बल्बची जागा तपासा. जेलीचा एकच ओघळ सहाही बल्बांखालून गेला तर लीड एकमेकींसारख्या दिसायला लागतात.

गडचिरोलीकडे हिवतापाचा पेशंट थंडीने कुडकुडत असतो. बेसलाइन थरथरते, पी दिसत नाही, मशीन म्हणतं ‘एट्रियल फिब्रिलेशन’, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित फडफड. पांघरूण घाला, थरथर थांबली की पुन्हा पट्टी काढा, आरआर (दोन ठोक्यांमधलं) अंतर सारखं आहे का बघा. उन्हाळ्यात कूलर त्याच बोर्डावर आणि अर्थिंग नावालाच, मग 50 हर्ट्झची जाड रेघ येते. ती घालवायला फिल्टर चढवला की क्यूआरएसमधली खाच आणि पेसमेकरचा स्पाइकही पुसट होतो. त्यापेक्षा कूलर दोन मिनिटं बंद करा.

हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका घ्या. व्ही वन ते व्ही थ्री एसटी (क्यूआरएस आणि टी यांमधली रेघ) खाली, आर उंच, टी सरळ. मशीन ‘अँटेरियर इस्किमिया’ (पुढच्या भिंतीला रक्त कमी) लिहितं आणि गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजचा विचारच होत नाही. इथे व्ही फोर, फाइव्ह, सिक्सच्या तारा त्याच पातळीवर पाठीकडे न्यायच्या. काखेच्या मागच्या रेषेवर व्ही सेव्हन, खांद्याच्या पात्याच्या टोकाखाली व्ही एट, मणक्याच्या डाव्या बाजूला व्ही नाइन. तिथे 0.5 मिलिमीटर एसटी वर असली तरी पुरे. पट्टीवर पेनाने नवी नावं लिहा, कारण मशीनला वाटतं तारा पुढेच आहेत. त्या पट्टीवरचं छापील निदान काय कामाचं, सांगा?

उलटही होतं. तरुण मुलाची अर्ली रीपोलरायझेशन (निरोगी हृदयातही दिसणारी एसटीची वाढ), पेरिकार्डायटिस (हृदयावरणाची सूज), यांवरही ‘ॲक्यूट एमआय’, म्हणजे ताजा झटका, छापून येतं. त्या ओळीवर स्ट्रेप्टोकायनेजचे 15 लाख युनिट चढवले आणि मेंदूत रक्तस्राव झाला, तर उत्तर मशीन देणार का?

बाकीच्या मुद्द्यांत फारसं काही नाही. नवे एमओ घाबरत नाहीत, विचारतात. तज्ज्ञ नाही तिथे पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर जिल्ह्याच्या फिजिशियनला जातोच. आणि “नॉर्मल आली की घरी पाठवतो” असं तुम्ही जे जाता जाता लिहिलंय, ते मात्र थांबवा राजेहो. छातीत दुखणं चालू असेल तर पहिल्या तासात दर 15 ते 30 मिनिटांनी पट्टी काढायची आणि आधीच्या पट्टीशेजारी ठेवून बघायची. ट्रोपोनिनचं (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) साधं किट पहिल्या दोन तासांत निगेटिव्ह आलं तर त्यावरही जाऊ नका.

बहुतेक मशिनी पट्टीच्या डोक्यावर ‘अनकन्फर्म्ड’ (खात्री न केलेलं) असं स्वतःच छापतात, तेही टेक्निशियनचं अर्धवट ज्ञान समजायचं का? पुढच्या वेळी टोमणा नको, पट्टी टाका. पेशंटचं नाव झाकलेलं, वेळ, पेपरचा वेग आणि फिल्टरचा आकडा दिसेल अशी.