फ्रॅक्शन की फ्रॅक्चर?

ट्यूमर बोर्ड, म्हणजे कॅन्सरवरचे उपचार मिळून ठरवणारे वेगवेगळे डॉक्टर. त्यांच्या बैठकीत पेशंटलाही बसवा, असं एका लेखात वाचलं. बसवा की, पण भाषा तीच राहणार असेल तर काय उपयोग? आमचे वडील सोलापुरात पूर्वभागात यंत्रमागावर होते. तंबाखूनं गालाचा कॅन्सर. ऑपरेशननंतर सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले सगळे बसले आणि आम्हाला निरोप आला: तीस फ्रॅक्शन. वडील रात्रभर जबडा चाचपत बसले. त्यांनी ऐकलं होतं फ्रॅक्चर! सकाळी एका सिस्टरनं फाइलच्या कोऱ्या पानावर पाच-पाच रेघांच्या सहा ओळी मारल्या. एक फ्रॅक्शन म्हणजे रेडिएशनचा एक शेक; सोमवार ते शुक्रवार रोज एक, सहा आठवडे. "मग असं सांगा की," वडील म्हणाले.

शेकाआधी खराब दात काढून घ्यायचे असतात, नंतर काढले तर जबड्याची जखम भरता भरत नाही. हे आम्हाला कळलं शेजारच्या खाटेवरच्या पेशंटकडून!

इथं कित्येकांच्या घरी तेलुगू, कन्नड बोलतात, त्यांचं तर विचारूच नका. डॉक्टरांनी "समजलं का?" ऐवजी "घरी बायकोला काय सांगाल?" असं विचारावं. "समजलं का?"ला वडिलांनी तिन्ही वेळा हो म्हटलं होतं.