आजींचा टर्नआउट

कालच्या बॅले क्लासमध्ये मेथी निवडणाऱ्या एका आजींकडे बोट दाखवून आमची टीचर म्हणाली, "बघा, टर्नआउट म्हणतात तो हा!" बार (सरावाचा दांडा) धरून, पाय बाहेर वळवायला घाम गाळत होते मी. टर्नआउट आजींचा.

मी बॅले शिकते. पुण्यात, चाळिशीनंतर. 'का?' हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे विचारून झालंय. फर्स्ट पोझिशनमध्ये टाचा जुळवून चवडे बाहेर वळवायचे. आदर्श 180 अंश. माझा धड काटकोनही होत नाही.

आजी आधीच्या बॅचमधल्या नातीला न्यायला येतात. खुर्च्या असतात, पण त्या भिंतीशी मांडी ठोकतात आणि पिशवीतून मेथीची जुडी काढतात. काल प्लिए करताना, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाताना, माझे गुडघे पुढे पडले, तशी आवाज आला, "अगं, जेवायला कशावर बसता तुम्ही?"

"टेबलावर."

"टेबलावर?"

"म्हणजे खुर्चीवर, आजी."

"आणि ते... सकाळचं?" आवाज खाली आला, पण पुरेसा नाही. सगळा क्लास आरशातून बघायला लागला.

"कमोड आहे."

"मग!" आजींनी एक काडी मोडली. निकाल लागला. एवढ्यावर थांबतील तर त्या आजी कसल्या? पदर खोचून त्यांनी पायाच्या तळव्याला तळवा लावला आणि दोन्ही गुडघे अलगद फरशीला टेकवले. वर मला धीर दिला, "वाईट नको वाटून घेऊस. आमच्या सुनेलाही जमत नाही." त्यावर टीचरचं ते बोट.

खरं तर कमोडवर सगळं ढकलता येत नाही. टर्नआउट येतो खुब्याच्या उखळीच्या सांध्यातून. मांडीच्या हाडाची मान जन्मतः जास्त पुढे वळलेली असेल, तर पाय बाहेर फिरायला जागाच कमी. वाढ संपल्यावर हाड कुणाचं ऐकत नाही. व्यायामाने एवढंच होतं की नितंबाच्या मोठ्या स्नायूखालचे सहा छोटे स्नायू जागे होतात आणि जेवढी जागा आहे तेवढी वापरता येते. म्हणून मी रोज रात्री गुडघ्यांभोवती इलॅस्टिकचा पट्टा अडकवून कुशीवर पडते, टाचा जुळवून वरचा गुडघा उघडते, मिटते. कंबर मागे कलंडली की सगळं फुकट. नवरा तेवढ्यात विचारतो, "चार्जर दिसला का?"

पण हे हाडाचं प्रकरण फी घेताना कुणी सांगितलं का? नाही. तेव्हा फक्त "येईल हो हळूहळू". आणि माझ्या शेजारची गुडघे वाकवून पावलं सपाट फाकवते, मग गुडघे सरळ करते. वरून दिसायला छान. खाली पावलाची कमान कोसळलेली, गुडघ्याला पीळ. क्लासच्या फोटोंमध्ये पहिली तीच!

हा जाच आहे जुना. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः नाचायचा, त्याने 1661 मध्ये नृत्याची अकादमीच काढली. पायांच्या पाच पोझिशन्स बसवल्याचं श्रेय जातं त्याच्या बोशाँ नावाच्या नृत्यगुरूला. पुढे तर पाय बाहेर वळवायला लाकडी पेटी निघाली, तीत पावलं अडकवायची. नोवेर नावाच्या नृत्यकाराने 1760 मध्ये तिच्यावर सडकून टीका केली. त्या पेटीचं भाडं किती असायचं कोण जाणे. आमच्याकडे असती तर वेगळं लावलं असतं, जीएसटीसकट.

असो. नातीचे बूट बांधून होईतो आजींची मेथी संपली. त्या हात न टेकता उठल्या (हेही बघून ठेवा), बारपाशी आल्या आणि काड्यांची पुडी माझ्यापुढे धरली.

"एवढं डब्यात टाक गं. तू नुसतीच उभी आहेस ना?"