ऑइल बदललंच नाही असं लिहिणाऱ्या ग्राहकांना गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री गॅरेज बंद केल्यावर वाचला. १ स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की अर्ध्या तासाच्या कामाला अडीच तास बसवून ठेवलं, सोबत आणलेलं ऑइल टाकायला नकार देऊन महागडं ऑइल गळ्यात मारलं, आणि चार दिवसांत ऑइल काळंकुट्ट झालं म्हणजे ते बदललंच नव्हतं.

उशीर झाला, ही चूक आमची. मनापासून माफी मागतो. तुमच्या गाडीला लागणारं ऑइल त्या दिवशी आमच्याकडे शिल्लक नव्हतं. पोराला कोल्हापूर नाक्यावर पाठवलं, तिथे उड्डाणपुलाच्या कामामुळे गाड्या तुंबल्या होत्या. तरीही गाडी वर घेण्याआधी हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

पण "गळ्यात मारलं" हा शब्द लागला, साहेब. त्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही आणलेला कॅन मी स्वतः हातात घेऊन वाचला होता. घट्टपणाचा आकडा १५ डब्ल्यू ४०, खाली सीआय-४ हा डिझेल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा. तुम्हीच म्हणालात की घरच्या ट्रॅक्टरसाठी आणलेलं आहे, डिझेल ते डिझेलच. ऑइल चांगलंच आहे ते, नाव ठेवत नाही. ट्रॅक्टरला, जुन्या ट्रकला मीही तेच टाकतो. पण तुमची गाडी बीएस-६ आहे, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांसारखा तुमच्याही सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ आहे, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. काजळी साठली की गाडी स्वतःच धूर तापवून ती जाळून टाकते. ऑइलमधल्या रसायनांची राख मात्र जळत नाही. ती जाळीत बसते ती बसतेच. म्हणून अशा गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल काढून मी ते पान तुम्हाला दाखवलं होतं: ५ डब्ल्यू ३०, एसीईए सी३ (हा कमी राखेच्या ऑइलचा युरोपातला दर्जा). या सी३ मध्ये राख ०.८ टक्क्याच्या वर चालत नाही. सीआय-४ला राखेची अशी मर्यादाच नाही.

तुम्ही म्हणालात, घाट चढायचाय, घट्ट ऑइल बरं. माझे वडीलही हेच म्हणायचे. त्यांच्या वेळी कमांडर, अँबॅसडर यायच्या, त्यांना २० डब्ल्यू ४० सर्रास पडायचं आणि ते बरोबरच होतं. आता इंजिनातल्या फटी बारीक झाल्यात, मारुतीची नवी पेट्रोल इंजिनं तर ० डब्ल्यू २० सारखं पातळ ऑइल मागतात. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती पटकन वर चढतं त्याचा, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं त्याचा. कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरवर चढायचा असला, तरी इंजिन बनवणाऱ्याने तो चढ धरूनच आकडा दिलेला असतो.

तुमचा कॅन १,८०० चा होता. आमचा ३,५०० ला पडला, छापील किंमत ३,६५० असताना. १,७०० चा फरक कुणालाही बोचतो, मलाही बोचला असता. पण मी गप्प बसून तुमचं ऑइल ओतलं असतं तर माझे काय गेले असते? मजुरी तीच ३५० मिळाली असती. वर्षा-दोन वर्षांनी डीपीएफचा दिवा लागला असता तेव्हा तुम्ही दुसऱ्याच कुणाकडे गेला असता, आणि तिथलं बिल या बिलाच्या कितीतरी पट झालं असतं.

आता काळं पडण्याबद्दल. डिझेल गाडीत नवं ऑइल टाकून एकदा इंजिन फिरवलं तरी ऑइल मोजायच्या काडीवर ते काळपट दिसायला लागतं. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट खोलून कितीही वेळ गळू दिलं तरी आतल्या बारीक वाटांमध्ये थोडं जुनं उरतंच. शिवाय काजळी धुऊन अंगावर घेणं हे चांगल्या ऑइलचं कामच आहे. चार दिवसांनी ते मधासारखं पिवळं राहिलं असतं तर मला काळजी वाटली असती. ऑइल गळत होतं तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होता, साहेब. नट लावताना नवा वॉशर तुमच्यासमोर बसवला, आणि रिकामा कॅन तुम्हीच डिकीत टाकून नेलात.

आणखी एक. आमच्याकडचा पोरगा आठ महिन्यांपूर्वी कामाला लागलाय. उशिराचा राग तुम्ही चार गिऱ्हाइकांसमोर त्याच्यावर काढलात, "चोर" म्हणालात. तो त्या दिवशी जेवला नाही. मला काय बोलायचं ते बोला, मालक मी आहे. मध्ये दोनदा चहा दिला तो मोजून दाखवायचा नाही मला, पण त्याच पोराने तो आणला होता.

बावीस वर्षं हे गॅरेज चालवतोय. या आठवड्यात दोन फोन आले, "तुमच्याकडे ऑइल न बदलता बिल लावतात म्हणे." आमच्या घरातली पाच माणसं आणि कामावरची तीन पोरं याच कामावर आहेत. तेवढं एक वाक्य तरी रिव्ह्यूमधून काढता आलं तर बघा, बाकीचं राहू द्या.

तुमच्या गाडीचा जुना फिल्टर गाडीचा नंबर लिहून फळीवर ठेवलाय. या रस्त्याने जाल तेव्हा थांबून बघा, काडीही तुमच्यासमोर काढतो, त्याचे पैसे नाहीत. बाहेरचं ऑइल आणणार असाल तर आधी कॅनचा फोटो पाठवा, असं आता फोनवरच सांगायला सुरुवात करतोय. आणि वेळेचंही काहीतरी बघतो.

आपला,
गॅरेजमालक, कराड