पाण्याची वेळ एकदाची ठरवा

नालासोपारा पूर्वेला आमच्या इमारतीत पाणी दिवसातून एकदाच सोडतात, याबद्दल माझी तक्रार नाही. सूर्या प्रकल्पातून आणि उसगाव, पेल्हारच्या धरणांतून येणारे पाणी एवढ्या वाढलेल्या वस्तीला पुरवून वापरावे लागणार, हे आम्हा सर्वांना कळते. संताप येतो तो वेळेचा. कधी पहाटे साडेचारला, तर कधी रात्री अकराला कमिटीच्या लहरीनुसार व्हॉल्व्ह फिरवला जातो, आणि सकाळची विरार लोकल गाठायची असलेल्या घरात कुणीतरी नळाकडे कान लावून जागे राहावे, असे गृहीत धरले जाते. हे जागरण घरातल्या बाईच्याच वाट्याला येते, हे वेगळे सांगायला नको. नळातून आधी नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ धार येते, आणि ती स्वच्छ होऊन मोरीतला निळा पिंप निम्मा भरतो न भरतो तोच पाणी जाते. मग साठवलेल्या पाण्यात भांडी घासायची की धाकट्याची आंघोळ उरकायची, यावरून सकाळी सकाळी घरात वादावादी होते. मेंटेनन्सची पावती मात्र महिन्याच्या पाच तारखेला न चुकता दारात येते. त्याच नेमाने जिन्यापाशी फळ्यावर पाण्याची वेळ लिहायला कमिटीला नेमके काय जड जाते?