बोटीचा हक्क आणि बाकाचा हक्क

दादा,

केलेल्या भक्तीचा मोबदला देवाकडे हक्काने मागू नये, असं सांगणाऱ्या 'देवापुढे हिशेबाची वही नको' या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. लांबलचक आहे आणि रागाची आहे. राग मला चालतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा देते.

तुम्ही म्हणता, पोट भरलेल्या माणसाला 'हक्क सोडा' सांगणं सोपं असतं. आमच्या समुद्रात बंदर येतंय, मासळी ओढून घेणारे प्रखर एलईडी दिवे लावून मोठ्या बोटी ती उपसून नेतात, आणि आम्ही तोंड उघडलं की देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नम्रतेवर प्रवचन. दुसरं, आजा-पणज्यांनी घाम गाळून देऊळ बांधलं, आता काल फ्लॅट घेतलेले लोक पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे देवळाच्या सल्लागार मंडळावर, बसून आम्हालाच शिकवतात; उशिरा आलेल्याला सारखीच मजुरी, हा कसला न्याय? तिसरं, इतकी वर्षं नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना), उपास, दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला) सगळं केलं तरी पोरगा घरी बसून आहे. बायबलातल्या मलाखीच्या ग्रंथात देव स्वतः 'माझी परीक्षा पाहा' म्हणतो, मग मागायचं नाही का?

तीन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच दावणीला बांधल्यात. पहिलीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. दुसरीत अजिबात नाही. तिसरीवर लिहिणं जड जातं, तरी लिहिते. (पोट भरलेलं आहे, हे खरंच. समुद्राशी माझा संबंध बाजारातल्या कोळणीच्या पाटीपुरता.)

पालघर जिल्ह्यातल्या वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून किनाऱ्यावरचे मच्छीमार विरोध करत आलेत. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर तर केंद्र सरकारनेच २०१७ मध्ये बंदी घातली. ती बंदी पाळा असं म्हणणाऱ्या मच्छीमाराला जो गर्विष्ठ ठरवतो, त्याने बायबल अर्धंच वाचलंय. येशूचा प्रेषित संत पौल याला फिलिप्पै शहराच्या तुरुंगातून गुपचूप सोडून देत होते. तो गेला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत फटके मारलेत, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असा निरोप त्याने पाठवला. आणि ते आले. पुढे यरुशलेमात अंगावर आसूड पडायच्या आत त्याने पुन्हा नागरिकत्व पुढे केलं, आणि कैसरियात तर थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. हे सगळं बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे, लपवलेलं नाही.

त्याच पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना सुवार्ता सांगणाऱ्याला पोटापाण्याचा हक्क आहे हे आधी मुद्देसूद मांडलं, आणि मग म्हटलं, मी मात्र तो वापरला नाही. आपल्या कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१७ साली मिशनचा पगार सोडून मोकळे झाले, तेही त्याच वाटेने. दोघांनी सोडला तो स्वतःचा हक्क. स्वतःचा ठेवून शेजाऱ्याला 'तुझा सोड' म्हणणं ही निराळी गोष्ट. तुम्हाला देवळात कुणी तसं सांगितलं असेल तर त्याच्याशी माझंही भांडण आहे.

आता देवळाकडे वळते. सकाळी आलेल्या आणि संध्याकाळी आलेल्या मजुरांना मालक सारखीच मजुरी देतो, हा येशूचा दाखला तुम्हीच काढलात, तर तो पुरता बघू. आपल्याकडच्या कुठल्याही मजूर नाक्यावर सकाळी जा. धडधाकट गडी आधी उचलले जातात. ऊन चढल्यावर उरतात ते म्हातारे, लंगडे, रात्रभर तापाने फणफणलेले. येशूच्या गोष्टीत मालक संध्याकाळी विचारतो, रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. ते आळशी होते असं गोष्टीत कुठेही नाही. आणि सकाळपासून राबलेल्यांना काय मिळालं? ठरलेला दीनार, म्हणजे दिवसाची मजुरी, पुरता. एक पैसा कापला नाही. कापला असता तर बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आहेच: अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी जाते. पण त्यांची तक्रार मजुरीची नव्हतीच. 'ह्यांना आमच्या बरोबरीला बसवलंत' ही होती.

तुमच्याकडे दोन्ही तक्रारी आहेत, दादा. मासळीची तक्रार अडवलेल्या मजुरीची आहे. कौन्सिलची तक्रार बरोबरीची.

हे दुखणं तुमच्या एकट्याचं नाही. सणाच्या मिरवणुकीत छत्र कुणी धरायचं, पहिल्या बाकावर कोण बसणार, देणगीच्या पाटीवर कुणाचं नाव वर, यावर आपल्याकडे जेवढी शक्ती खर्च होते तेवढ्यात एखादं नवं देऊळ उभं राहील. (लग्नात पंगत कुठे बसवली यावरून वर्षानुवर्षं अबोला धरणारी घरंही आहेत, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) आपल्या वसईकडच्या जमाती बघा, कुपारी असो, वाडवळ असो, कोळी असो, 'आम्ही मूळचे' हे वाक्य सगळ्यांच्या ओठांवर तयार. मग मंगळूरहून, केरळहून येऊन विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींत राहिलेले आणि डोंगराकडचे आदिवासी ख्रिस्ती यांनी मागच्या बाकावर बसून ऐकायचं. तुमच्या पणजोबांनी घाम गाळला, मान्य. पण ज्या घामाचं तुम्ही व्याज मागताय तो तुमचा नव्हे. आणि पणजोबांनी तरी ते देऊळ पुढे येणाऱ्यांसाठीच बांधलं ना?

आपल्या वसईच्याच माणसाचं बघा. संत गोन्सालो गार्सिया, बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा आत्मसात करून कित्येक वर्षं धर्मशिक्षणाचं काम केलं. त्यांच्या संघात यायची त्याची इच्छा होती. त्यांनी घेतलं नाही. इथे आपण असतो तर 'इतकं केलं त्याचं हे फळ' म्हणत पहिलं गलबत पकडलं असतं. तो व्यापारात पडला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला आणि १५९३ मध्ये दुभाषा होऊन परत जपानलाच गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. त्या २६ जणांत तीन जेझुइटही होते, आणि त्यांतल्या दोघांना संघात घेतलं गेलं ते अगदी मरणाच्या तोंडाशी. याला जे कधीच मिळालं नाही ते त्यांना शेवटच्या घटकेला मिळालं, आणि सगळे एकाच रांगेत मेले. १८६२ साली संतही एकत्रच झाले. सणाला आपण 'आपला वसईकर' म्हणून मिरवतो, ही गोष्ट मात्र कुणी प्रवचनात सांगत नाही.

राहिलं मुलाचं. त्यासाठी देवाशी भांडा, रडा. बायबलातल्या तेराव्या स्तोत्रात 'किती वेळ?' हा प्रश्न चार वेळा आलाय आणि देवाने स्तोत्रकर्त्याचं तोंड धरलेलं नाही. फक्त त्या रडण्याला नोव्हेनांच्या पावत्या जोडू नका. बायबलातल्या ईयोबाच्या गोष्टीत सैतानाचा सगळा दावाच हा आहे की माणूस देवाला फुकटात भजत नाही. आपण वही उघडली की त्याचं म्हणणं खरं ठरतं. शिवाय त्या वहीचा सगळ्यात मोठा फटका तुमच्या मुलालाच बसेल. नोकरी नाही म्हणजे घरात कुणाची तरी भक्ती कमी पडली, हे ऐकत त्याला रोज ताटावर बसावं लागेल. नोकऱ्या का नाहीत याची कारणं त्याच्या आईच्या रोझरीत (जपमाळेत) शोधायची नसतात.

आणि मलाखी. तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन तुम्ही म्हणता तसंच आहे. ते मंदिराच्या कोठाराचा दशांश अडवून बसलेल्यांना उद्देशून आहे. पण दहाव्याआधी पाचवं येतं. तिथे देव न्यायाला उभा राहतो तो मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा-अनाथांना पिडणाऱ्यांविरुद्ध आणि परक्याला त्याच्या हक्कापासून दूर लोटणाऱ्यांविरुद्ध. मजुरीच्या ओळीवर तुम्ही मान डोलवाल. शेवटची ओळ तुमच्या कौन्सिलवर बसलेल्या त्या फ्लॅटवाल्यासाठी आहे. पुढच्या सभेत त्याला बोलू द्या. पटलं नाही तर मुद्दा खोडून काढा, बिनधास्त काढा. फक्त 'तू इथे कधी आलास' असं विचारून नको.