‘बोट सडतं, डोळ्यात सुई खुपसतात’: जागेपणीच्या ऑपरेशनबद्दलच्या मेसेजला उत्तर

घरात कुणाचं मोतीबिंदूचं किंवा हाताचं ऑपरेशन ठरलं की एक मेसेज हमखास येतो. त्याचं म्हणणं असं: जागेपणी ऑपरेशन करणं म्हणजे निव्वळ खर्च वाचवणं, बोटाच्या भुलीत अॅड्रेनालिन मिसळलं तर बोट सडतं, डोळ्यात सुई खुपसतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आठवडाभर आधीच बंद करा, आणि सगळ्या तपासण्या झाल्याशिवाय टेबलावर जाऊ नका. असलं वाचून माणसं ऑपरेशन लांबणीवर टाकतात, गोळ्याही बंद करतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी बोटाचं. ही भीती मेसेज लिहिणाऱ्याने मनाने काढलेली नाही. अॅड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून बोटात ते द्यायचं नाही, असं डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकत आल्या. 2001 मध्ये डेंकलर या अमेरिकन सर्जनने 1880 पासूनच्या छापील नोंदी तपासल्या. भुलीच्या इंजेक्शननंतर बोट सडल्याच्या 48 घटना मिळाल्या, बहुतेक 1950 च्या आधीच्या. त्यांतल्या 21 मध्येच अॅड्रेनालिन होतं. त्या काळी भुलीसाठी प्रोकेन नावाचं औषध वापरत. ते जुनं झालं की आम्लधर्मी होतं, आणि बाटलीवर मुदतीची तारीख नसायची. अॅड्रेनालिन अंदाजाने मिसळायचे, बोटाला घट्ट पट्टी आवळायचे, वर गरम पाण्याचा शेक द्यायचे. यात दोष एकट्या अॅड्रेनालिनच्या माथी कसा मारायचा? आज लिग्नोकेन या भुलीच्या औषधात अॅड्रेनालिन मिसळलेलं तयार इंजेक्शन मिळतं, त्याने बोट गेल्याची एकही नोंद त्यांना सापडली नाही.

पुढचं काम कॅनडात हाताचे सर्जन लालोंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी हाताची आणि बोटांची ओळीने 3110 ऑपरेशनं अॅड्रेनालिन देऊन केली. एकही बोट गेलं नाही. अॅड्रेनालिनवर उतारा म्हणून फेंटोलामिन नावाचं औषध आहे, तेही एकदाही द्यावं लागलं नाही. अॅलर्जीच्या रुग्णांचं अॅड्रेनालिनचं पेन चुकून बोटात घुसतं, त्यात तर अॅड्रेनालिन शंभरपट तीव्र असतं. अशा 59 जणांच्या नोंदी तपासल्या, त्यांतही कुणाचं बोट गेलं नव्हतं.

याचा अर्थ सरसकट सगळ्यांना द्यावं असा नाही. बिडी-तंबाखूने होणारा बर्जरचा आजार आपल्याकडे आहे. ज्याच्या बोटांना आधीच रक्त कमी पोहोचतं, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात, त्याने ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

आता खर्चाचं. खर्च कमी होतो हे खरं, पण ‘निव्वळ’ हा शब्द खोटा आहे. एरवी हाताच्या ऑपरेशनात रक्त थांबवायला दंडाला हवेचा पट्टा आवळतात, आणि तो जागेपणी फार वेळ सोसवत नाही. अॅड्रेनालिनने रक्त थांबलं की पट्ट्याची गरजच उरत नाही. मात्र इंजेक्शननंतर चांगली पंचवीसेक मिनिटं थांबावं लागतं. घाई केली तर रक्त येत राहतं. खरा फायदा तुटलेली शीर, म्हणजे बोट वाकवणारी स्नायूची दोरी (टेंडन), जोडताना दिसतो. टाके झाले की सर्जन रुग्णाला सांगतो, ‘मूठ मिटा. आता उघडा.’ शीर सरकताना गाठ कुठे अडकते का, जोडात फट पडते का, हे उघड्या जखमेत दिसतं आणि तिथल्या तिथे दुरुस्त होतं. झोपलेल्या रुग्णाला मूठ मिटायला कोण सांगणार?

डोळ्याची गोष्ट याहून जुनी. 1884 मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. आज फेकोची, म्हणजे बारीक छेदातून मोतीबिंदू फोडून काढण्याची, बरीच ऑपरेशनं नुसत्या थेंबांवर होतात. जिथे इंजेक्शन देतात तिथेही सुई डोळ्याच्या गोळ्यात जात नाही, डोळ्याच्या बाजूने खोबणीत जाते. त्यात थोडा धोका आहे, आणि मोठ्या मायनस नंबरच्या लांबट डोळ्याला तो जास्त, म्हणून आपला जुना नंबर सांगावा. सब-टेनॉन पद्धतीत टोकदार सुई नसतेच. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा थेंबांनी बधिर करून, त्याला बारीक छेद देऊन बोथट, वाकडी नळी आत सरकवतात. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात 168 रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली. परिणाम सारखाच मिळाला, आणि भूल देताना सब-टेनॉन रुग्णांना अधिक सुसह्य वाटलं. सुरी येताना दिसेल ही भीती अनेकांना असते. प्रत्यक्षात बहुतेकांना प्रकाश, रंग, हलत्या सावल्या दिसतात. हे आधी सांगितलं तर माणूस घाबरत नाही. कोरियातल्या एका अभ्यासात तर ऑपरेशन चालू असताना नुसता हात धरून ठेवला तरी रुग्णांची धास्ती कमी झाली.

गोळ्यांचा सल्ला सगळ्यांत घातक. नुसत्या थेंबांवरच्या फेकोत छेद बुबुळाच्या काचेतून जातो, आणि तिथे रक्तवाहिन्याच नसतात. उलट स्टेंट बसवलेल्या माणसाने गोळी मनाने सोडली तर स्टेंट बंद पडू शकतो. इंजेक्शन द्यायचं असेल तर डॉक्टर रक्ताची तपासणी करून ठरवतील. तो निर्णय त्यांचा, फॉरवर्ड करणाऱ्याचा नाही.

राहिल्या तपासण्या. अमेरिका-कॅनडातल्या नऊ केंद्रांमध्ये मोतीबिंदूच्या 19,557 ऑपरेशनांवर चाचणी झाली, ती 2000 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांच्या ठरावीक तपासण्या आधी केल्या, निम्म्यांच्या नाही. दोन्हीकडे त्रास झाल्याचं प्रमाण सारखंच, हजार ऑपरेशनांमागे सुमारे 31. पण नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले यात घेतले नव्हते, आणि नवी तक्रार असेल तर तपासणी करायची मुभा होती. त्यामुळे धाप लागते, छातीत दुखतं, साखर आटोक्यात नाही, असं काही असेल तर तपासणी हवीच. ठणठणीत आजीला मात्र रिपोर्टांची फाइल भरेपर्यंत आंधळं ठेवायचं काही कारण नाही.