ब्लर्डकॉनला 'उलटा वर्णभेद' म्हणणाऱ्यांसाठी

ब्लर्डकॉन या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चाहत्यांच्या संमेलनाचं नाव निघालं की एक मजकूर हमखास फिरायला लागतो: 'फॅन्डममध्ये (चाहत्यांच्या जगात) कधी कुणाचा रंग विचारला गेला नाही. आता काळ्यांनी वेगळी चूल मांडून उलटा वर्णभेद सुरू केलाय. हे सगळं ब्लॅक पँथर सिनेमानंतरचं फॅड आहे. उद्या कुणी गोऱ्यांचं संमेलन काढलं तर चालेल का?' ॲनिमे म्हणजे जपानी कार्टूनपटांचे मराठी चाहतेही तो डोळे झाकून पुढे पाठवतात, हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी वेगळ्या चुलीबद्दल. ब्लर्ड म्हणजे ब्लॅक नर्ड, अशा छंदांत बुडालेला कृष्णवर्णीय चाहता. हिल्टन जॉर्ज यांनी २०१७ मध्ये वॉशिंग्टनला लागून असलेल्या व्हर्जिनियात हे संमेलन सुरू केलं. ॲनिमे, कॉमिक्स, गेमिंग, कॉसप्ले म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करणं, जे इतरत्र असतं ते इथेही असतं. तिकीट कुणीही काढावं. स्त्रिया, एलजीबीटीक्यू, अपंग, परदेशी चाहते अशा सगळ्यांचं आयोजक नाव घेऊन स्वागत करतात. ज्याचं दार सगळ्यांना उघडं आहे त्याला वर्णभेद म्हणणं हा सरळसरळ खोटेपणा आहे.

'रंग कधी विचारला गेला नाही', हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. १९६७ मध्ये सॅम्युएल डिलेनी या कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखकाची कादंबरी जॉन कॅम्पबेल या त्या काळच्या सर्वांत वजनदार संपादकाने नाकारली. नायक काळा आहे, आपल्या वाचकांना तो जवळचा वाटणार नाही, असं कारण त्याने दिल्याचं डिलेनींनी स्वतः लिहून ठेवलंय. आणि हे जुन्या काळापुरतं नाही. काळ्या मुलीने एखाद्या ॲनिमेतल्या पात्राचा वेश केला की फोटोखाली 'पात्र गोरं आहे, तू कशी चालशील?' असे शेरे आजही येतात. तीच पात्रं बहुतेक जपानी असतात आणि गोऱ्या मुलींना हा प्रश्न कुणी विचारत नाही! शिवाय तिच्या रोजच्या अडचणी वेगळ्या. दाट कुरळ्या केसांवर किंवा वेण्यांवर विग नीट बसत नाही, वर फुगून राहतो. 'त्वचेच्या रंगाचे' म्हणून विकले जाणारे पायमोजे तिच्या त्वचेच्या रंगाचे नसतातच. गोऱ्या चेहऱ्यासाठी लावलेल्या दिव्यांत तिचा चेहरा फोटोत काळवंडून जातो. या गोष्टी न समजावता बोलता येतील अशी जागा तिला हवी असेल, तर त्यात गैर काय?

फॅडचं म्हणाल, तर काळ्या सुपरहिरोचा तो सिनेमा २०१८ चा आणि ब्लर्डकॉन त्याच्या आदल्या वर्षीचं, इथेच दावा पडतो. पण मुळं त्याहून कितीतरी खोल आहेत. विज्ञानकथाप्रेमींच्या अगदी पहिल्या क्लबांपैकी एक, सायन्सिअर्स, १९२९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. त्याचे अध्यक्ष वॉरन फिट्झजेराल्ड कृष्णवर्णीय होते आणि बैठका हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या त्यांच्या घरी भरत. १९४७ मध्ये फिलाडेल्फियाचे पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी कृष्णवर्णीय चित्रकारांना घेऊन कॉमिक्सचा अंक काढला. कागद मिळेना, म्हणून दुसरा अंक निघालाच नाही. १९९३ मध्ये टर्टेल ऑन्ली यांनी शिकागोत 'ब्लॅक एज ऑफ कॉमिक्स' हे कृष्णवर्णीयांच्या कॉमिक्सचं संमेलन भरवलं, २००२ पासून फिलाडेल्फियातही तसं भरू लागलं. म्हणजे ही माणसं सुरुवातीपासून इथेच होती.

राहिला 'गोऱ्यांचं संमेलन'. अनेक दशकं नायक गोरे, संपादक गोरे, मंचावरचे पाहुणे गोरे, अशीच संमेलनं भरत आली. त्यांना वेगळं नाव द्यायची गरज कधी पडली नाही, इतकंच. हा वाद मराठी वाचकाला तरी नवा वाटू नये. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, अण्णाभाऊ साठेंनी त्याचं उद्घाटन केलं, आणि 'साहित्यात कसली आलीय जात?' हा सूर आपल्याकडेही निघालाच. पुढे १९७२ मध्ये दलित पँथरने तर नावच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या राजकीय पक्षावरून घेतलं. ज्यांच्या लढ्यातून आपल्या माणसांनी इतकं घेतलं, त्यांच्या आनंदाच्या जागेवर शिक्का मारण्याआधी निदान ती जागा काय आहे ते पाहावं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर तिकीट काढून खुशाल जावं, आवडत्या पात्राचा वेश करून.